टेट्रिस : जुना डाव आणि नवा

नवें यंत्र आलें कीं जुनें अडगळीच्या खोलींत जावयाचें, हा यंत्रयुगाचा रिवाजच आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतींत मात्र तो पुरता खरा ठरलेला नाहीं. टेट्रिसचेंच उदाहरण घ्यावें. १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं हा खेळ रचला, तेव्हां त्यांच्या यंत्राला चित्र काढतां येत नव्हतें. कंसाच्या चिन्हांनींच ठोकळे दाखवावे लागत. चार चौकोनांचे सात प्रकारचे ठोकळे वरून पडतात. आडवी ओळ पूर्ण भरली कीं ती नाहींशी होते. नियम एवढाच.

१९८९ सालीं निन्टेन्डो कंपनीनें घरगुती यंत्रावर आणलेली आवृत्ति मोठी कठोर आहे. चार ओळी एकदम उडविणारी लांब दांडी तींत कधींकधीं ३० ठोकळे पडले तरी येत नाहीं, आणि तिच्यासाठीं राखलेली फट डोळ्यांदेखत बुजून जाते. अलीकडील आवृत्त्यांत सातही ठोकळे पिशवींत घालून एकेक काढावे तसे येतात. त्यामुळें दोन दांड्यांच्या मध्यें १२ हून अधिक ठोकळे पडतच नाहींत. शिवाय एखादा ठोकळा बाजूस राखून ठेवण्याचीही सोय असते. सुधारणा खरी, परंतु तेवढ्यानें जुना खेळ सदोष ठरला असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. हातीं हलकीं पानें आलीं असतां डाव सांवरणें हें पत्त्यांतलें निम्में कौशल्य. जुन्या टेट्रिसची गोडी तेथेंच आहे.

जुन्या खेळांत आतां साधावयाचें कांहीं उरलें नाहीं, ही समजूतही २१ डिसेंबर २०२३ रोजीं खोटी ठरली. २९ व्या पायरीवर ठोकळा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यांत तळ गाठतो. तेथें माणसाचा इलाज खुंटतो असें अनेक वर्षें मानलें जाई. पुढें खेळाडूंनीं अंगठा बटणावर ठेवून कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक बोटें आपटण्याची युक्ति काढली. तिच्या बळावर अमेरिकेंतील एक १३ वर्षांचा मुलगा त्या दिवशीं १५७ व्या पायरीवर पोहोंचला, आणि तेथें खेळच गोठला! ३४ वर्षांत हें कोणाही माणसास साधलें नव्हतें.

तेत्सुया मिझुगुची यांच्या कल्पनेंतून २०१८ सालीं उतरलेल्या ‘टेट्रिस इफेक्ट’चा आनंद निराळ्या जातीचा. ठोकळा फिरविला कीं स्वर उमटतो. डाव पुढें सरकतो तसतसें संगीत व देखावा पालटत जातो. कांहीं जुने खेळाडू याला नुसती आरास म्हणून हिणवितील. पण येथें हात आणि कान एकाच तालावर येतात, हा लाभ लहान नव्हे. दोन्ही खेळणाऱ्यास प्रथम थोडें अडखळावें लागतें, इतकेंच. नव्याला सरावलेला हात जुन्या डावांत ठोकळा राखून ठेवण्याचें बटण शोधूं लागतो, आणि तें तेथें नसतें. तोंवर ठोकळा खालीं पोहोंचलेला असतो.