नोंदीमागची नोंद आणि कष्टकऱ्यांचा हक्क

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. संगणकातील माहितीच्या साठ्यावर आपोआप चालणारे नियम कोणी ठरवावेत आणि कोणी तपासावेत, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. परंतु २०२३ साली हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यातील कांदा उत्पादकाच्या दारात येऊन उभा राहिला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे खरे स्वरूप उघड होते.

त्या वर्षी लाल कांद्याचे भाव कोसळले. शासनाने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. म्हणजे जास्तीत जास्त ७०,००० रुपये. अट अशी की, सातबाऱ्यावर कांद्याच्या पिकाची नोंद हवी. आता ही नोंद पूर्वीप्रमाणे तलाठ्याने बांधावर येऊन करावयाची राहिलेली नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून, पिकाचे छायाचित्र घेऊन, ठरलेल्या मुदतीत नोंद करावी असे ठरले. ज्यांच्याकडे तसा फोन नव्हता, ज्यांच्या शिवारात रेंज नव्हती, ज्यांना मुदतीचा पत्ताच नव्हता, त्यांच्या शेतात कांदा पिकला. तो लासलगावात किंवा पिंपळगावात तोलला गेला. हातात हिशेबपट्टी आली. पण सातबारा म्हणत होता की कांदा नाहीच! पुढे ओरड झाली आणि नोंद नसलेल्यांसाठी तलाठी, कृषी सहाय्यक व ग्रामसेवक यांच्या गावपातळीवरील समितीने खातरजमा करावी, अशी सवलत द्यावी लागली. जे काम यंत्राच्या नियमाने नाकारले होते, ते शेवटी गावात राहणाऱ्या माणसांच्या साक्षीने करावे लागले.

प्रत्येक नोंदीबरोबर तिच्याविषयीची आणखी एक नोंद असते. ती कोणी केली, केव्हा केली, कोठून केली, कोणत्या आधारावर केली, ती किती काळ ठेवावयाची, कोणाला दाखवावयाची. संगणकवाले हिला 'मेटाडेटा' म्हणतात. आपण नोंदीमागची नोंद म्हणू. आणि या मागच्या नोंदीवर नियम लावलेले असतात: तारीख अमुक दिवसानंतरची असेल तर अर्ज बाद, रकाना कोरा असेल तर नाव वगळा. हे नियम एकदा घातले की रात्रंदिवस आपोआप चालतात. त्यांच्यावर कोणाची सही दिसत नाही.

हे सर्व संगणकाने आणले असे मात्र समजू नका. आपल्या महसूल दप्तरात ही व्यवस्था जुनीच आहे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही; ६-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही; नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि नमुना १२ हा पिकांचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची प्रत चावडीत लावावी लागते, हितसंबंधितांना कळवावे लागते, हरकत आली तर तिची नोंद व सुनावणी करावी लागते आणि मगच नोंद प्रमाणित होते. अभिलेखकक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात: 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा आणि 'ड' अवघ्या एका वर्षाचा. कोणता कागद जगावा व कोणता जाळावा, याचे हे धोरणच होय. आणि कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून नोंदीवर ज्याची सत्ता, त्याची जमिनीवर सत्ता, हे आपल्या खेड्याला कोणी शिकवावे लागत नाही.

जुनी व्यवस्था रामराज्य होती असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. कचेरीतील लेखणीबहाद्दर अडाणी शेतकऱ्याला कसे नागवतात, हे महात्मा फुले यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये उघडे केले आहे. संगणक जात विचारीत नाही, चहापाणी मागत नाही. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्याने शेतकऱ्याच्या कित्येक खेपा वाचल्या, हे मान्य केलेच पाहिजे. यंत्राला विरोध हा समाजवादाचा मार्ग नव्हे. यंत्र कोणाच्या ताब्यात आणि कोणाच्या हिशेबाने चालते, हा आपला प्रश्न आहे.

जुना नियम माणूस अंमलात आणीत असे. त्याच्याशी वाद घालता येई, त्याला घेराव घालता येई, त्याच्याविरुद्ध अपील करता येई. नवा नियम न दिसता चालतो. त्याहून गंभीर गोष्ट ही की, तो नोंदीचा अभाव म्हणजे वस्तुस्थितीचाच अभाव समजतो. पीएम-किसान योजनेचे उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०१९ या तारखेस ज्याचे नाव जमिनीच्या अभिलेखात होते तो पात्र. त्यानंतर ज्याने जमीन खरेदी केली तो अपात्र, वारसाहक्काचा अपवाद वगळता. वाटेकरी आणि खंडकरी तर पहिल्यापासूनच बाहेर. एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. त्याचाही पाया सातबाराच. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे मूलभूत घोटाळा दिसतो: मालकी हीच उत्पादनाची खूण मानली गेली आहे. नांगर धरणारा एक, नाव दुसऱ्याचे, आणि यंत्राला फक्त नाव कळते.

याच कारणाने मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांनी वनहक्काचे पट्टे मागितले. याच कारणाने 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब व्यवस्थापक, या तीन अक्षरांआड कित्येक बहिणींची नावे पिढ्यान्‌पिढ्या झाकली गेली. २०२५ मध्ये शासनाला 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मृतांची नावे कमी करावी लागली, वारसांची लावावी लागली. अशा कागदाला स्वयंचलित नियम जोडला तर जुना अन्याय केवळ अधिक वेगाने होईल.

परदेशातही हेच घडले आहे. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून यंत्राने त्यांच्यावर कर्जे लादली. ज्याला काही महिनेच काम मिळाले, तो या सरासरीत वर्षभर कमावता ठरला. पैसे देणे नाही, हे सिद्ध करण्याचा भार गरिबावर आला. पुढे ती पद्धत बेकायदेशीर ठरली, वसुली परत करावी लागली आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने कडक ताशेरे ओढले.

अट सैल केली की बोगस लाभार्थी शिरतात, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण त्याचे उत्तर एकाच रकान्याला देव मानणे हे नव्हे. बाजार समितीची पट्टी, शेजाऱ्याची साक्ष, ग्रामसभेपुढे यादीचे वाचन, अशा अनेक पुराव्यांचा ताळा घेतल्याने लबाडी अधिक लवकर पकडली जाते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली: यादीतून नाव वगळणारा प्रत्येक नियम, तो कोणत्या आदेशाने व कोणत्या दिवसापासून लागू झाला यासह, मराठीत प्रसिद्ध करावा. दुसरी: वगळलेल्या प्रत्येकाला कारण लेखी कळवावे, माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देण्याचे बंधन प्रशासनावर घालतेच. तिसरी: रकाना कोरा असेल तर अर्ज बाद न होता माणसाकडे तपासणीस जावा, आणि तोवर लाभ थांबू नये. चौथी: नोंदीत झालेला प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला, हे खातेदाराला पाहता यावे. पाचवी: जमीन कसणाऱ्याची, मालकीचा वाद न उपस्थित करता, स्वतंत्र नोंद व्हावी.

या मागण्या मंत्रालयात पोहोचण्याआधी गावात पोहोचल्या पाहिजेत. संगणकीकृत सातबाऱ्याचे चावडीवाचन २०१७ मध्ये झाले होते. त्याच धर्तीवर प्रत्येक शाखेने आपल्या गावात वर्षातून एकदा दोन याद्या वाचाव्यात: कोणाचे नाव आले ती, आणि कोणाचे गळले ती. दुसरी यादी सरकार सहसा लावीत नाही. ती घरोघर फिरून आपणच तयार केली पाहिजे, आणि प्रत्येक नावापुढे गळण्याचे कारण लिहून तहसीलदाराच्या हाती दिली पाहिजे. पोच घेण्यास मात्र विसरू नका.