बाळाचे कपडे : हौस आणि सोय



फायलींत आयुष्य घालवलेल्या मनुष्याने झबल्या-टोपड्यांविषयी बोलावे, याचे काहींना हसू येईल. परंतु घरापासून दूर संसार मांडणाऱ्यांना आजी, मावशी, काकू या सर्वांची कामे स्वतःच करावी लागतात. त्या अनुभवाच्या बळावरच आम्ही येथे उभे आहोत.

१९९६ च्या डिसेंबरात आमची बदली लखनौस झाली, तेव्हा आमची कन्या अवघी दोन महिन्यांची होती. उत्तरेकडील थंडीची आम्हां उभयतांना एवढी धास्ती, की झबल्यावर दोन स्वेटर, कानटोपी, मोजे, वर दुलई आणि खोलीत विजेची शेगडी, अशा थाटात आम्ही तिला निजवले. मध्यरात्री ती लालबुंद होऊन रडू लागली. ताप आला असे समजून आम्ही तिला तशीच गुंडाळून डॉक्टरांकडे धाव घेतली. त्या वयोवृद्ध डॉक्टरांनी प्रथम एकेक कपडा उतरवला आणि थोड्या वेळाने तापमान पाहिले. ताप नव्हताच! मूल शांत झोपले. आम्ही मात्र खजील झालो.

त्या रात्री शिकलेली गोष्ट अशी : मोठ्यांना जेवढे कपडे पुरतात, त्याहून एखादाच पदर मुलाला अधिक घालावा. तान्ह्याचे हातपाय गार लागतातच. म्हणून छाती किंवा मानेची मागची बाजू चाचपून पाहावी. तेथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा. मात्र तीन महिन्यांच्या आतील मुलाचे तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक भरले, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. कानटोपी बाहेर नेताना हवीच. घरात निजवताना ती काढावी आणि तोंडावर येईल असे सैल पांघरूण ठेवू नये.

लोकर अंगाला टोचते, म्हणून आत सुती झबले असावे. येथील उन्हाळ्यात, लू वाहत असता, मलमलीचे सैल झबले पुरेसे होते. नायलॉनचा झालरी-झालरींचा फ्रॉक छायाचित्रात शोभतो, पण घाम टिपत नाही. लंगोट आणि दुपटी यांसाठी आजीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची सर नव्या कापडाला येत नाही. नवे कापड आधी धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावे. दुपट्यात गुंडाळताना पाय ताणून सरळ बांधू नयेत; ते गुडघ्यांत दुमडून हलते राहिले पाहिजेत, अन्यथा खुब्याच्या सांध्याला अपाय होऊ शकतो. मोजे उलटे करून सुटे धागे कापावेत. असा धागा बोटाला आवळून बसतो.

आणखी एक इशारा. ट्रंकेतील लोकरी कपड्यांत आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते. अशा मुलांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वासानेही फुटतात आणि तीव्र कावीळ होते. तान्ह्याच्या कपड्यांत या गोळ्या मुळीच ठेवू नयेत.

मग हौस करूच नये काय? अवश्य करावी. कन्येच्या आजीने साताऱ्याहून खणाची कुंची पाठवली होती. संक्रांतीस काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून आम्ही तिचे बोरन्हाणही केले. परंतु सोहळा तासाभराचा असावा. तो आटोपताच बंद, मणी, दागिने उतरवून मुलाला सुती झबल्यात मोकळे सोडावे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळास एकच विनंती. नव्याने बदलून आलेल्या दांपत्याच्या घरी पाळणा हलला, की आपल्यातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंनी चार मऊ झबली घेऊन तेथे जावे. त्या रात्री आमच्या दारी अशी एखादी आजी असती, तर डिसेंबरच्या धुक्यात आम्हाला धावावे लागले नसते.