नाकारलेली भेट

पाहुणा आला की आपल्याकडे फडताळातल्या ठेवणीतल्या कपबश्या बाहेर निघतात. नक्षीचा कप पाहुण्याला, कान तुटलेला घरच्या माणसाला! राजेलोकांचंही थोडंफार असंच असे. त्यांच्या बश्यांमागं राजकारण असे एवढंच.

पॅरिसजवळ सेव्र नावाचं गाव आहे. तिथला चिनी मातीचा कारखाना पंधराव्या लुई राजानं १७५९ साली आपल्या मालकीचा केला. पुढं १७६८ च्या सुमारास लिमोज शहराच्या बाजूला पांढरी शुभ्र माती सापडली आणि तिथली भांडी अस्सल चिनी भांड्यांच्या तोडीची होऊ लागली. भांडं भट्टीत भाजायचं, चित्र काढून पुन्हा भाजायचं. सोन्याचं काम त्यानंतर. मध्येच तडकलं, की सारी मेहनत फुकट.

१७९८ साली नेपोलियननं इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा बरोबर विद्वान आणि चित्रकारही नेले होते. त्यांतल्या दनों यानं तिथली देवळं चितारून आणली. त्या चित्रांवरून सेव्रला एक संच तयार झाला आणि १८०८ साली नेपोलियननं तो रशियाचा झार अलेक्झांडर याला दोस्तीखातर धाडला. चारच वर्षांनी तो त्याच दोस्तावर चालून गेला!

तसाच दुसरा संच जोसेफीनसाठी झाला. मूल होईना म्हणून नेपोलियननं तिला काडीमोड दिला होता; त्या वेळची ही भेट. नमुना तिनंच पसंत केलेला. पण १८१२ साली संच घरी आला, तेव्हा फार रुक्ष वाटतो म्हणून तिनं तो परत पाठवला. एवढंच कारण असेल का? काडीमोडाच्या बश्यांत पाहुण्यांना फळफळावळ वाढायची, हे मला तरी अवघड वाटतं.

संच कारखान्यात पडून राहिला. वॉटर्लूनंतर गादीवर परतलेल्या अठराव्या लुईनं १८१८ साली तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनला दिला. हा वेलिंग्टन आपल्याला परका नाही. १८०३ साली जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला तो हाच. तेव्हा तो नुसता वेल्स्ली होता. शिक्षकांनी नकाशात मुलांना असई जरूर दाखवावी.

संच आज लंडनला, त्याच्या ॲप्स्ली हाउस या वाड्यात आहे. बश्यांवर नेपोलियनच्या मोहिमेतली इजिप्तची दृश्यं आहेत. मेजाच्या मधोमध मांडायची देवळांची नि स्तंभांची पांढरी रांग वीस फुटांहून लांब भरते. तिच्यावर वाढायचं काहीच नसतं, ती नुसती बघायची.