दूरच्या पक्ष्यासाठी परवडणारी लेन्स

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषणाचा मजकूर)



२००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून, गावातील जीवसृष्टीची लोकनोंदवही सिद्ध करण्याचे कार्य तिच्याकडे सोपविलेले आहे. या नोंदवहीत नुसते ‘तुतवार’ असे लिहून भागत नाही. पाझर तलावाच्या काठी हिवाळ्यात उतरलेला तुतवार ठिपकेदार की हिरवा, हे डोळ्याच्या मागे जाणाऱ्या पांढऱ्या भुवईवरून आणि पंखांखालच्या रंगावरून ठरते. पक्षी उडून गेल्यावर हा वाद मिटवावयाचा तर हाती छायाचित्र हवे. शाळेने वा समितीने त्यासाठी कॅमेरा घ्यावयाचे ठरविले, की खरा खर्च लेन्सचा असतो, आणि तो विचारपूर्वक व्हावयास हवा.

सोळा सेंटीमीटरचा छोटा खंड्या वीस मीटरवर बसला असता ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्समधून त्याची प्रतिमा जेमतेम २.४ मिलिमीटर उमटते. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून ती दुप्पट, म्हणजे ४.८ मिलिमीटर होते. सर्वसाधारण कॅमेऱ्यातील संवेदकाची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर असते. यावरून सोबत मिळणारी छोटी लेन्स पक्ष्यांसाठी का कुचकामी ठरते, हे ध्यानी येईल.

मात्र पोच वाढविण्याची किंमत प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागते. ६०० मिलिमीटरवर एफ ४ इतके छिद्र हवे असेल, तर पुढील काच १५० मिलिमीटर व्यासाची लागते, एफ ६.३ वर ९५ मिलिमीटर पुरते. एवढ्याच फरकामुळे एक लेन्स लाखांच्या घरात कित्येक पटींनी महाग, तर दुसरी परवडण्याजोगी होते. महाग लेन्समधून अडीचपट प्रकाश येतो हे खरे. परंतु आजच्या कॅमेऱ्यांत संवेदनक्षमता, म्हणजेच आयएसओ, १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवूनही ओळखण्यापुरते चित्र स्वच्छ येते. नोंदवहीसाठी तेवढे पुरेसे आहे.

२०१३ मध्ये टॅमरॉनने आणि त्यानंतर सिग्माने १५० ते ६०० मिलिमीटरच्या झूम लेन्स आणल्या. निकॉनची २०० ते ५०० मिलिमीटरची लेन्स २०१५ मधील आहे. वजन दोन किलोच्या आसपास. नांदूर मध्यमेश्वरसारख्या विस्तीर्ण पाणथळीत, जेथे चक्रवाक दूर पाण्यात असतात, तेथे यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण शाळेच्या आवारातील वा शेतबांधावरील पक्ष्यांसाठी, आणि विशेषतः विद्यार्थ्यांच्या हाती द्यावयाची असल्यास, हलकी लेन्सच श्रेयस्कर. कॅननची २०२१ मधील १०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स केवळ ६३५ ग्रॅमची आहे. मात्र ४०० मिलिमीटरवर तिचे छिद्र एफ ८ असल्याने दाट झाडीत सकाळी ती अपुरी पडते. कपाटात पडून राहणाऱ्या मोठ्या लेन्सपेक्षा गळ्यात अडकविलेली छोटी लेन्स अधिक नोंदी करते. शिवाय घेतलेली लेन्स आपल्याच कॅमेऱ्याच्या जोडणीची आहे ना, हे आधी तपासावे. निकॉनच्या काही प्राथमिक कॅमेऱ्यांत चक्रीचा मोटार नसल्याने जुन्या लेन्सचे केंद्रीकरण आपोआप होत नाही. एफ ६.३ च्या लेन्सला १.४ पट वाढविणारा जोड लावल्यास छिद्र एफ ९ च्या जवळ येते, आणि आरशाच्या अनेक कॅमेऱ्यांचे स्वयंचलित केंद्रीकरण तेथे हात टेकते. हा जोड विक्रेते मोठ्या उत्साहाने सुचवितात.

कंपनरोधक यंत्रणा हाताचा थरकाप सावरते, पक्ष्याची हालचाल नव्हे. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा दीड-दोन हजारावा भाग तरी हवा. वाहनातून टिपताना खिडकीवर ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवली, तर महाग तिपाईचे काम होते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा मात्र कोणतीही लेन्स भेदू शकत नाही. अशा वेळी सावलीत बसून नोंदी लिहिणेच बरे.

लेन्सची पोच कमी पडली की पावले पुढे पडू लागतात, आणि विणीच्या काळात ती घरट्यापर्यंत जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे हे शिकारीच्याच व्याख्येत मोडते. पक्षी मान उंचावून पाहू लागला, की तेथेच थांबावयाचे. चित्र लहान आले तरी चालेल.

निधी थोडा असल्यास वापरलेली लेन्स घेण्यास हरकत नाही. एका टोकाकडून विजेरीचा झोत टाकून दुसरीकडून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत करावी. कोकणातील पावसाळ्यात चांगली लेन्सही चामड्याच्या पिशवीत ठेवल्यास हीच गत होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ती ठेवावी, आणि त्या ओलावल्या की मंद आचेवर वाळवून पुन्हा वापराव्यात.