कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे प्रश्न आणि आपला धम्म

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)

 

मी काही विद्वान वक्ता नाही. गिरणीत साच्यावर उभा राहणारा कामगार आहे. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. तेव्हा कॉलेज-विद्यापीठावर मी बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण कॉलेजात जाणारी पोरं आपल्याच घरातली आहेत आणि त्यांच्यावरून घराघरात काय चाललंय ते मी रोज ऐकतो. म्हणून हा विषय घेतला.

परवा एक बंधू म्हणाले, "पोरगा इंजिनिअरिंगला गेला आणि बिघडला." मी विचारलं, दारू पितो का? तर नाही. मग काय झालं? "वंदनेला बसत नाही. म्हणतो, पाली कळत नाही तर नुसती पोपटपंची कशाला करू?" दुसऱ्या घरची मुलगी हॉस्टेलवरून सुट्टीला आली आणि आईला विचारू लागली, "बुद्धाने आत्मा मानला नाही, मग पुनर्जन्म होतो तो कोणाचा?" आई म्हणाली, "चार बुकं शिकलीस म्हणून धर्मावर बोलू नकोस." आणि तिसऱ्या घरचा मुलगा असा, की तो काहीच विचारत नाही. तो कॉलेजात आडनाव सांगायचं टाळतो. मित्र घरी येणार म्हटलं की भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून त्याचा जीव खाली-वर होतो.

आपण पहिल्या दोघांवर रागावतो आणि तिसऱ्याला गुणी मुलगा म्हणतो. मला वाटतं इथं आपला हिशेब उलटा झाला आहे. पहिली दोन मुलं धम्माच्या दारात उभी आहेत. काळजी करायची ती तिसऱ्याची.

आता कोणी म्हणेल, मोठ्यांना उलट प्रश्न विचारणं हे कसलं धम्माचं लक्षण? तर बाबासाहेबांच्याच घरातली गोष्ट ऐका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत ती आहे. परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी त्यांची सत्कारसभा भरवली. आज आपण भरवली तशीच. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र बक्षीस दिलं. म्हणजे बघा, कॉलेजची पायरी चढण्याआधीच बुद्ध त्यांच्या हातात आला होता. आणि तोही पुस्तकाच्या रूपाने!

घरी रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बाल भीमरावांनी विचारलं, ज्या पोथ्यांत शूद्र-अस्पृश्यांची हीन अवस्था सांगितली आहे त्या आम्ही का वाचायच्या? वडिलांना ते आवडलं नाही. असले खुळे प्रश्न विचारू नका, सांगितलं तेवढं करा, असं ते म्हणाले. काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा केला. या खेपेला सुभेदारसाहेब तयारी करून आलेले होते. आपण अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती वर गेले ते त्यांना कळावं, वाल्मिकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला हे कळावं, म्हणून हे वाचायचं, असं त्यांनी समजावलं. त्या उत्तराने मुलाचं समाधान झालं नाही, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. पण बापाने उत्तर दिलं! लष्करी शिस्तीचा कडक माणूस, पण पोराच्या प्रश्नावर विचार करून पुन्हा बोलायला बसला. माझ्या सर्व पालक बंधू-भगिनींना माझं एवढंच मागणं आहे. पहिल्यांदा राग आला तर आला, पण दुसऱ्यांदा तयारी करून बसा.

पुढे बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली १९४५ साली. १९४६ साली मुंबईत कॉलेज काढलं आणि नाव दिलं सिद्धार्थ. त्यानंतर दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली. म्हणजे दीक्षेच्या आधी दहा वर्षं सिद्धार्थाचं नाव लागलं ते कॉलेजच्या दारावर. औरंगाबादला १९५० साली कॉलेज सुरू झालं. त्याला नाव दिलं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद कोण? प्रश्न विचारणारा राजा. उत्तर देणारे होते भन्ते नागसेन. कॉलेजला नाव मिळालं ते विचारणाऱ्याचं. माझ्या अल्पबुद्धीला वाटतं, विद्यार्थी म्हणजे काय हे या एका नावात आलं.

त्या दोघांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. चर्चेआधी नागसेन एक अट घालतात. राजा, तू पंडितासारखा बोलणार असशील तर मी बोलतो, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडिताला चूक दाखवली तर तो रागावत नाही. राजाला विरोध केला की तो शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मान्य केली. आता आपल्या घरात राजा कोण ते ज्याचं त्याने बघावं! आणि त्या हॉस्टेलवरच्या मुलीचा जो प्रश्न आहे, तसलाच प्रश्न मिलिंदानेही विचारला आहे. नागसेनांनी दिव्याचा दाखला दिला. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच नाही, आणि अगदी वेगळीही म्हणता येत नाही. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या आरंभी आत्मा, कर्म आणि पुनर्जन्माचा हा पेच स्वतः मांडला आहे. तो ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, सिद्धार्थ कॉलेजच्याच प्रकाशनाने काढला. तेव्हा त्या मुलीने धर्म बुडवला नाही. ती नागसेनवनात जाऊन बसली आहे.

वंदनेला न बसणाऱ्या मुलाला मी एवढंच सांगेन, बाळा, अर्थ माग, तो तुझा हक्क आहे. पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हणतात. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. वरून आलेला हा हुकूम नव्हे, मी हे शिकतो असं आपण आपल्या तोंडाने म्हणतो. पण अर्थ कळल्यावर मग सबब सांगू नकोस.

आता विद्यार्थ्यांना दोन शब्द. तुम्ही कालामसुत्ताचं नाव घेता. पोथीत आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे तुम्हाला पाठ असतं. पण ते अर्धंच झालं. केसपुत्त गावात कालाम लोकांकडे नाना पंथांचे आचार्य येत, जो तो आपलाच माल खरा म्हणे. आजचं विद्यापीठ म्हणजे तसलंच गाव आहे. संघटना येतात, पंथ येतात, बाबा-बुवा येतात, मोबाइलवर तर रोज नवा आचार्य. भगवंतांनी कालामांना, वाटेल ते माना, असं सांगितलं नाही. त्यांनी उलट विचारलं, मनात लोभ, द्वेष, मोह उपजला तर तो माणसाच्या हिताचा की अहिताचा? ही कसोटी आहे. ती पोथीला लावा, आमच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याला लावा, आणि मग स्वतःलाही लावा. परीक्षेत कॉपी करताना लावा. नव्या पोराची रॅगिंग चालते आणि आपण हसत उभे राहतो, तेव्हा लावा. वर्गातल्या मुलीविषयी वंगाळ बोललं जातं तेव्हा लावा.

गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी घरदार सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश फिरले, पाली शिकले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. कलकत्ता विद्यापीठ सोडून महाराष्ट्रात यावं म्हणून त्यांना साह्य केलं ते सयाजीराव महाराजांनी, ज्यांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली. कोसंबींनी ज्यावर आयुष्य घातलं त्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात एक मोठी गोष्ट आहे. श्रद्धा असून प्रज्ञा नसेल तर माणूस भोळसट होतो. प्रज्ञा असून श्रद्धा नसेल तर तो लबाड होतो, आणि हे दुखणं बरं होणं कठीण, कारण ते औषधातूनच झालेलं असतं. गिरणीत कापड विणताना उभा धागा ताणलेला नसेल तर आडवा कितीही भारी घाला, कापड होत नाही. शील हा उभा धागा आहे.

आता त्या तिसऱ्या मुलाकडे येतो. त्याला कोणी भेकड म्हणू नये. कोलंबिया विद्यापीठात शिकून, ९ मे १९१६ ला तिथल्या परिसंवादात जातिसंस्थेवर निबंध वाचून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी सराईत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे, लपवलं नाही. म्हणजे नाव झाकण्याची पाळी कोणावरही येते. पण झाकून विसावा मिळत नाही. आणि कोलंबियात त्यांनी काय केलं? इतक्या दूर जाऊन आपल्याच वस्तीचं दुखणं अभ्यासाला घेतलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं हा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत कित्येकांची घरं जळाली, माणसं गेली. एका नावासाठी एवढं सोसणाऱ्या समाजाच्या पोराने आपलं आडनाव गिळावं, यात दोष त्याचा थोडा आणि त्याला एकटं सोडणाऱ्या आपला जास्त.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. पोरांनो, कोणी जातीवरून टोचलं, रँक विचारून हिणवलं, तर मनात ठेवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे समान संधी कक्ष आणि भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी असावा लागतो. तो कोण हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा. लेखी तक्रार करा, पोच घ्या. आणि आधी घरी फोन करा. मार्क कमी पडले तरी फोन करा. तुमच्या मार्कांपेक्षा तुम्ही आम्हाला हवे आहात.

समितीपुढे मी तीन सूचना ठेवतो. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक तास कॉलेजच्या मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावा. तिथे कोणी "गप्प बस" म्हणायचं नाही. उत्तर येत नसेल तर पुढच्या खेपेला वाचून येतो म्हणायचं. दुसरं, वंदनेचं पुस्तक मराठी अर्थासह घराघरात द्यावं. तिसरं, परीक्षेच्या दिवसांत विहाराचा कर्णा बंद आणि वाचनालय रात्री अकरापर्यंत उघडं असावं. किल्ली सांभाळायला मी तयार आहे.

 काही प्रश्न असतील तर आत्ता, इथेच विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!