पाच मिनिटं कुणाची?
(चौल येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)

याच पट्ट्यातली, नारळ-सुपारीच्या वाडीत राबणारी एक बाई. नाव सांगत नाही. नवऱ्यानं ढकललं, डोकं उंबरठ्यावर आपटलं. रक्त आलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली. महिन्यानं माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, मिक्सरचा आवाज सोसत नाही. दूध गॅसवर ठेवून विसरते. पोरांवर खेकसते. घरचे म्हणतात, हिचं डोकं फिरलंय."

डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड, झोप न लागणं हे कित्येक आठवडे राहू शकतं. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तरीही. त्यात मनावर ताण असला की डोकं अधिकच ठणकतं.

आधी तिला डॉक्टरांकडे नेलं. मग दोन व्यायाम शिकवले. पहिला श्वासाचा. हात पोटावर ठेवून चार आकडे मोजत नाकानं श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. रोखायचा नाही. दुसरा अमेरिकेतल्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांचा. त्यांचं पुस्तक १९२९ साली निघालं. पावलांपासून वर एकेक स्नायू हलकेच आवळायचा, पाच मोजायचे आणि सैल सोडायचा. दुखऱ्या मानेला ताण द्यायचा नाही. चक्कर आली तर थांबायचं.

तिनं विचारलं, "पाच मिनिटं आणू कुठून?"

मी गप्प झाले. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. ते शेजारणींनी दिलं. दुपारी एकीनं तिची पोरं सांभाळायची, दुसरीनं पाणी भरायचं आणि तिनं शेजारच्या पडवीत अंधार करून पडायचं. हळूहळू तिला झोप लागू लागली.

पण श्वासानं मार थांबत नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा फोन आहे. तिच्या सोबत आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. डॉक्टरांना मार कसा लागला ते खरं सांगा, कागदावर लिहून घ्या.

आणि मारानंतर पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, फिट, गुंगी, हातापायातलं बळ जाणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम नको, थेट दवाखाना गाठा.

आता उठण्यापूर्वी सगळ्याजणी एकदा श्वास घेऊ या. आणि घरी जाताना ठरवू या, आपल्या आळीत कुणाला अशी पाच मिनिटं हवी आहेत आणि ती कोण देणार आहे.