मोबाईल घरात आला, तिच्या हातात केव्हा?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘स्त्री आणि डिजिटल साधने’ या विषयावर बोलण्याची संधी मंडळाने आम्हांला दिली.

विषय नवा वाटतो, पण प्रश्न जुनाच आहे. घरातल्या वस्तूवर, पैशावर आणि ज्ञानावर हक्क कोणाचा? स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्तेचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले. ते बिल रखडले, हे त्यांच्या १९५१ च्या मंत्रिपदाच्या राजीनाम्यामागील एक मोठे कारण होते. त्याच दृष्टीने आज घरातल्या मोबाईलकडे पाहिले पाहिजे.

प्रथम आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे दिसले की, देशात १०० पैकी ५७ पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांत हे प्रमाण ३३ होते. महाराष्ट्रात पुरुष ६१.५ टक्के आणि स्त्रिया ३८ टक्के. म्हणजे पुढारलेल्या म्हणविणाऱ्या आपल्या राज्यातही स्त्री-पुरुषांमधील अंतर देशाइतकेच होते. त्यानंतर मोबाईल आणखी घरांत पोहोचले, हे खरे. परंतु घरात मोबाईल असणे आणि स्त्रीजवळ मोबाईल असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्याच सर्वेक्षणात, स्वतः वापरता येईल असा मोबाईल जवळ असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच होत्या.

आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवीत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या घरी एकच स्मार्टफोन होता. मुलगा बारावीत, मुलगी दहावीत. सकाळी फोन मुलाच्या हाती जाई, कारण त्याचे ‘महत्त्वाचे वर्ष’! मुलगी मैत्रिणीच्या वहीतून धडे उतरवून घेई. दोन वर्षांनी ती बारावीत गेली तेव्हा आम्ही तिला नवा फोन घेऊन दिला. ती एवढेच म्हणाली, “तेव्हा माझं दहावीचं वर्ष होतं, ते कुणाच्या लक्षात होतं का?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. समतेवर व्याख्याने देणाऱ्या घरातली ही गोष्ट आहे, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही, तो आता भाकरीचा झाला आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार. शिवाय विवाहितेच्या पतीच्या आणि अविवाहितेच्या पित्याच्या आधारचीही पडताळणी होणार. जिच्या आधारला नवऱ्याचा किंवा दिराचा नंबर जोडलेला, ती त्याच्या घरी येण्याची वाट पाहत बसली. विधवा, घटस्फोटित आणि वडील हयात नसलेल्या भगिनी तर अडकूनच पडल्या. मागाहून मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली. पैसे तिच्या खात्यावर, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही अवस्था आहे.

कुणी म्हणेल, मुलींना फोन दिला तर त्या बिघडतील. केरळमधील कोझिकोड येथे एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन वापरण्यास बंदी होती. बी. ए. च्या एका विद्यार्थिनीने हा नियम मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल देऊन तिला पुन्हा प्रवेश देण्यास सांगितले. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलींनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

मात्र नुसते यंत्र हाती देऊन भागत नाही. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाकडून मिळालेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. यंत्रे कमी क्षमतेची, वारंवार बिघडणारी, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. भगिनी शिकत नाहीत असे म्हणण्यापूर्वी, त्यांना कामाचे यंत्र आणि त्यांची भाषा दिली काय, हे विचारले पाहिजे.

मग आपण काय करावे? सरकारवर सर्व सोपवून चालणार नाही. आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील स्त्रीच्या आधारला आणि बँक खात्याला तिचाच नंबर जोडून द्यावा. आधारचा नंबर आधार केंद्रावर बदलून मिळतो.

दुसरी, मंडळाच्या सभागृहात रविवारी दुपारी दोन तास वर्ग चालवावा. दुपारी अशासाठी, की सकाळ-संध्याकाळ भगिनी चुलीपुढे असतात. शिकविणाऱ्या आपल्याच विद्यार्थिनी असाव्यात. सासूबाईंना सुनेपेक्षा शेजारची पोर विचारायला सोपी जाते.

तिसरी, पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नये, घरातल्यांनाही नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवावे. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. फसवणुकीच्या भीतीने बायकांच्या हातून फोन काढून घेणे हा उपाय नव्हे.

चौथी, घरात एकच फोन असेल तर त्याच्या वेळा ठरवून भिंतीवर लिहाव्यात आणि मुलीची वेळ मुलाइतकीच असावी.

यांपैकी एकही गोष्ट खर्चाची नाही. अवघड आहे ती पुरुषाने हातातली वस्तू पुढे करण्याची. आमच्या मुलीला आम्ही तिचे दहावीचे वर्ष परत देऊ शकत नाही. परंतु येथे बसलेल्या बापांना अजून वेळ आहे. आज घरी गेल्यावर त्यांनी एवढेच पाहावे, की पत्नीच्या आणि मुलीच्या आधारला कोणाचा नंबर जोडला आहे.